फुटाला दोन सूत

काका, आधी नसीमचाचीचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो. रीत तुमचीच आहे. विमानाखालची कुठलीही गोष्ट सांगताना तुम्ही आधी शिडी कुणी धरली होती ते सांगायचात आणि मग वर कोण चढलं होतं ते. वर चढणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणायचात. तर या खेपेला शिडी नसीमचाचींनी धरली.

तुमचा तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी पुतण्याने घर रिकामं करायला घेतलं. त्याच्यावर माझा राग नाही. रजा काढून आलेला माणूस, घरमालकाला चावी द्यायची होती. भांडी एका पोत्यात गेली, कपडे दुसऱ्या पोत्यात, आणि खिडकीखालच्या जुन्या दारावर लाकडाचं नि कागदाचं जे काही मांडलं होतं ते दारासकट निघालं भंगाराच्या टेम्पोत. समोरच्या घरात चाची भाकरी थापत होत्या. तशाच पिठाच्या हाताने गल्ली ओलांडून टेम्पोपुढे उभ्या राहिल्या.

"ते खाली ठेव," म्हणाल्या.

"चाची, भंगार आहे ते. कुणाच्या कामाचं नाही."

"मला म्हाईतै काय आहे ते. खाली ठेव."

भंगारवाल्याने फाटलेल्या कागदातून आतल्या बांबूच्या कामट्या बघितल्या, चाचींच्या घराकडे बघितलं. चाचींचे घरवाले गल्लीचा मोहरमचा ताबूत बांधायचे हे सगळ्या जुन्नरला माहीत. तो हळू आवाजात म्हणाला, "ताबूताचं हाय का काय, चाची?"

पुढचं चाचींनी मला फोनवर सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "सोमा, मी हो बी न्हाई म्हणले, नाही बी न्हाई म्हणले. नुसती उभी राहिले. त्यानं चप्पल काढली, दोन्ही हातांनी उचललं आन् माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. खोटं बोलले का रे मी?"

"नाही चाची. तुम्ही बोललाच कुठं."

"मग ठीकै," म्हणाल्या, आणि मग रडल्या. तुम्ही गेल्याचं सांगताना रडल्या नव्हत्या, तेव्हा रडल्या.

तुम्ही सांगायचात ना, लढाई संपल्यावर गोरे लोक ही लिबरेटर बॉम्बर विमानं कानपूरला मोडीत टाकून गेले, कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून इंजिनांत वाळू घालून गेले, आणि आपल्या लोकांनी ती धुऊन पुसून पुन्हा हवेत चढवली. पुढे त्यातलीच काही लोहगावला आली आणि तुम्ही कोवळ्या वयात फिटर म्हणून त्यांच्या पोटाखाली जाऊन उभे राहिलात. तर आता तुमचं हे लाकडाकागदाचं लिबरेटर दुसऱ्यांदा भंगारातून निघालंय. एकदा कानपूरला, एकदा जुन्नरला. तुम्ही ही गोष्ट गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितली असतीत, तेवढ्यासाठी तरी थोडं थांबायला हवं होतं.

मी आलो नाही, काका. कोचीहून निघून पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं, हे खरं. पण ते कारण नाही. फोन आला तेव्हा माझ्या हातात जहाजाच्या नमुन्याची डोलकाठी होती, ती खाली ठेवली आणि दोन तास तिथेच बसलो. गाडी चुकली. भीती वाटली की मी पळतो, नाहीतर बसतो. ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

पहिली भेट आठवते का? तुमच्या शेजारच्या घराचा स्लॅब होता. मी वर सळया बांधत होतो, सव्वीस वर्षांचा, हातात आकडा, कमरेला तारेचं भेंडोळं. तुम्ही खिडकीतून ओरडलात, "ओ पावणं, ती सळई किती सुती?"

"तीन सुती."

"तीन सुती म्हंजे किती?"

"दहा एमएम."

"चूक. तीन सुती म्हंजे तीन सूत, आन् इंचाला आठ सूत. दहा एमएम ही दुकानदाराची भाषा. या, चहा घ्या."

मला वाटलं म्हाताऱ्याला वेळ जात नाही. सुटी झाल्यावर आलो. तुमच्या खिडकीखाली जुन्या दाराची फळी होती आणि तिच्यावर एक सापळा पडला होता, सावरीच्या लाकडाचा कणा आणि त्याला फासळ्या. मी विचारलं, "मासा हाय का?"

"मासा आसता तर खाल्ला आसता. इमान हाय."

मग तुम्ही मला ते अख्खं दाखवलंत, जे अजून नव्हतंच. इथे चार इंजिनं. इथे शेपटीला दोन कान. पंख वरच्या अंगाला, लांब आणि अरुंद, कारण याला समुद्रावर दिवसदिवस फिरायचं असतं. पंखाच्या आत टाकी, टाकीला गळती, आणि गळती शोधायला आत जायचं ते सगळ्यात काटकुळ्या फिटरने. "म्हंजे मी," तुम्ही म्हणालात. "माझी निम्मी नोकरी पंखाच्या पोटात गेली. बाहेरून लोकांना माझे पायच म्हाईत."

मी निघताना विचारलं, एवढ्या मोठ्या विमानाचं एवढंसं करायचं तर हिशेब कसा करता? तुम्ही म्हणालात, "फुटाला दोन सूत. खऱ्या इमानाचा एक फूट, आपल्याकडं दोन सूत. शिकलेले लोक त्याला एकास अठ्ठेचाळीस म्हनत्यात. तुला कसं सोपं?"

मी आठवीत शाळा सोडली ती अपूर्णांकांपायी. डिंभ्याच्या वर आमची वाडी, तिथून खाली आश्रमशाळेत राहायचो. गुरुजींनी फळ्यापाशी बोलावलं, खडू हातात दिला. वर एक आकडा, खाली एक आकडा, मधे आडवी रेघ. मी खडू धरून तास संपेपर्यंत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही, घरी भातलावणीला माणूस हवाच होता. पुढे दहा-बारा वर्षं कुणी कागदावर काही लिहून समोर धरलं की माझ्या तळहाताला घाम यायचा. आणि तुम्ही चहाच्या कपाएवढ्या वेळात तो आकडा माझ्या खिशात घालून दिलात. फुटाला दोन सूत. पुलाच्या बाजूने उतरताना मी दिसेल त्याचं माप करत गेलो. विजेचा खांब एवढा, म्हैस एवढी, एसटी एवढी.

त्यानंतर कामावरून सुटलो की तुमच्याकडे. स्लॅब संपला, माझं काम बोरी बुद्रुकला गेलं, तरी दर आठवड्याला यायचो.

कागद चिकटवायची खळ चाचींची. त्यांच्याइतकी गुळगुळीत खळ कुणाला जमत नाही, गाठ म्हणून नाही. कागदही त्यांच्या ट्रंकेतला, सासरच्या कागद्यांनी हाताने केलेला, जुना पिवळा. कामटीवर एक थर, वाळला की दुसरा, तिसरा, असे सात. ताबूताला असंच करतात, म्हणाल्या, फक्त ताबूताला घाई असते आणि तुमच्या विमानाला कसलीच नाही. बंदूकवाल्याच्या काचेच्या घुमट्यांसाठी तुम्ही बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाचे प्लास्टिकचे फुगे कापून घेतलेत. कधीही गोळी वेळेवर न घेणारा माणूस, पण पाकीट रिकामं व्हावं म्हणून वेळ पाळायला लागलात. चाची ओट्यावरून म्हणायच्या, "फिटरसाब, दिलाला काय तरी आराम पडला का, का नुसत्या काचा झाल्या?"

"काचा झाल्या," तुम्ही म्हणायचात.

"आन् एवढ्या मोठ्या मैदानात एक बी बाई न्हाई तुमच्या?"

"लोहगावात बाया नव्हत्या, चाची. मी खोटं मांडनार न्हाई."

"मग चहा कोण देत व्हतं?"

चहा कँटीनवाला द्यायचा. पण चाचींपुढे तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत.

आता पंखाचं. ते मला लिहायलाच हवं, कारण आपण त्यावर सगळं बोललो आणि मुख्य ते राहिलं.

तुम्ही म्हणालात, उजवा पंख मी करतो, डावा तू कर. फासळ्यांचे पुठ्ठ्याचे साचे दिलेत, कामट्या दिल्यात. दोन फासळ्यांतलं अंतर मी मोजायचं होतं, फुटाला दोन सूत. मी बोरीला पत्र्याच्या खोलीत दोन महिने तो पंख केला. प्रत्येक फासळी तीनतीनदा मोजली. माझं तसंच आहे, कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघतो. आणि तीनतीनदा मोजून मी तो चुकवला.

कारण सळईवाल्याला दोन सुती म्हणजे सहा एमएम. दुकानात, बिलात, इंजिनिअरच्या तोंडी, सगळीकडे. मी स्टीलची पट्टी घेतली आणि प्रत्येक फुटाला सहा एमएम टाकत गेलो. खरं दोन सूत म्हणजे सहा एमएम आणि वर केसभर. पहिल्याच दिवशी तुम्ही खिडकीतून ओरडून सांगितलं होतंत, ती दुकानदाराची भाषा म्हणून. एका फुटाला केसभर फरक कुणाला दिसतो? पण पंख पंचावन्न फुटांचा.

दोन्ही पंख कण्याला लावले तेव्हा खोलीत चाचीही होत्या. तुम्ही फूटपट्टी घेतलीत, उजवीकडे लावलीत, डावीकडे लावलीत. "सहा सूत," म्हणालात. बस तेवढंच. आवाज चढवला नाहीत, कपाळाला आठी नाही. मी फळ्यापाशी उभा होतो आणि माझ्या हातात खडू होता. चहा गॅसवर होता, तो न पिता मी चप्पल घातली.

पंधरा दिवस फोन उचलला नाही.

मग बेल्ह्याचा बाजार. मुकादमाला बैलजोडी बघायची होती म्हणून मी त्याच्याबरोबर गेलेलो. आणि समोरून तुम्ही, बैलांच्या रांगांमधून, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी घेऊन, शेण चुकवत येताय. कुणी सांगितलं होतं तुम्हाला मी तिथे असेन म्हणून? एका व्यापाऱ्याने तुम्हाला अडवलं.

"काय इकताय, आबा?"

"अर्धं इमान."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं घरी बांधलंय. ह्याचा धनी पळालाय, त्याला हुडकतोय."

तो व्यापारी हसला, त्याचा बैल पण हलला. मला तिथून निघायला वाट नव्हती, मागे टेम्पो लागलेले. तुम्ही माझ्यापुढे आलात, वर्तमानपत्र सोडलंत, माझा पंख बाहेर काढलात आणि भर बाजारात त्याची कड डोळ्यापुढे धरून एका डोळ्याने बघितलंत, जसा कुणी बैलाचा खांदा बघतो.

"सरळ हाय," म्हणालात. "कुठं बाक न्हाई, कुठं पीळ न्हाई. माझ्या पंखात अर्ध्या सुताचा पीळ हाय. तू पळाल्यावर मोजला."

मी म्हटलं, "काका, तो आखूड हाय."

"आखूड हाय, वाकडा न्हाई. चल."

एवढ्यावर मी आलो. पुढे कितीदा मला वाटलं तुम्हाला सांगावं, की माझ्या मागे तोवर कुणीच कधी आलं नव्हतं. शाळा सोडली तेव्हा गुरुजी आले नाहीत, आई-बापाला शेतात हात हवे होते, त्यांना बरंच झालं. मागे येणारा माणूस असतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. सांगितलं नाही. तुमच्यापुढे असलं बोलायला जीभ उचलत नव्हती, आणि तुम्हीही लगेच फूटपट्टी हातात घेतली असतीत.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणत होतो, डावा पंख मी नव्याने करतो, दोन महिने लागतील, लागू देत. तुम्ही म्हणालात, करायचा नाही. विमान उड्डाणाला निघालेलं दाखवायचंच नाही. दुरुस्तीला उभं दाखवायचं. डाव्या पंखाचं टोक उतरवलेलं, बाजूला लाकडी घोडीवर ठेवलेलं, पंखाला शिडी लावलेली.

"इमान जेवढं हवेत आसतं," तुम्ही म्हणालात, "त्याच्या कितीतरी पट जमिनीवर आसतं. लोकं उडतानाचंच करत्यात. आमचं कुनी करत न्हाई."

"हे तुम्ही आत्ता ठरवलं. माझ्यासाठी."

"माझं पहिल्यापासून हेच व्हतं."

"खोटं."

"मी लोहगावचा फिटर. उड्डाण मी बघितलंच किती?"

किती वेळा झाला हा वाद. मी कोचीला आल्यावरही रविवारच्या फोनवर तेच. मी म्हणायचो, खरं सांगा, आधीपासून तसंच होतं की माझं झाकायला बदललंत? तुम्ही म्हणायचात, तुला स्वतःची लई किंमत वाटते बाबा. आणि हसायचात.

मला हे फार लागत होतं. का ते आज सांगतो. ते विमान दुरुस्तीला उभं होतं ते माझ्या चुकीमुळे असेल, तर तुमच्या आयुष्याचं शेवटचं काम मी बिघडवलं. आणि तुमचं पहिल्यापासून तसंच असेल, तर माझी चूक त्यात सहज बसून गेली, ती चूक राहिलीच नाही. एवढा फरक होता माझ्या जिवाला. तुम्ही हसून सोडून द्यायचात.

कोचीचं काम तुमच्यामुळे, हे मी इथे सगळ्यांना सांगतो. तुमच्या जुन्या सोबत्याला तुम्ही त्या आखूड पंखाचा फोटो पाठवलात, आणि त्याने इथल्या जहाजांचे नमुने करणाऱ्या कारखान्यात दाखवला. मालकांनी विचारलं, हे कुणी केलं? तुम्ही उलट कळवलंत, आठवी नापास, हात पास. इथे भाषा कळत नाही, लाल तांदूळ अजून गळ्याखाली नीट उतरत नाही, बाजरीच्या भाकरीची आठवण येते. पण इथे मला कुणी फळ्यापाशी उभं करत नाही. कागद समोर आला की मी त्याचं सूत करतो. कारखान्यातले मास्तर मला विचारतात, मनातल्या मनात कसलं गणित करतोस? त्यांना सांगितलंय, जुन्नरचं.

समुद्र रोज दिसतो. सुरुवातीला बघायची भीती वाटायची, तो कुठे संपतच नाही. मग तुमचं आठवायचं, लिबरेटरला दिवसदिवस यावरच फिरायचं असायचं आणि तरी संध्याकाळी लोहगावला परत यायचं. मग बरं वाटायचं.

शेवटच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "सहा सुतांचं एक काम चाललंय. झालं की सांगतो." मी विचारलं कसलं. "झालं की सांगतो."

चाचींचा भाचा कांद्याची गाडी घेऊन इकडे येतो. मागच्या आठवड्यात तो आला. करंड्यात, गोधडीच्या तुकड्यांत गुंडाळून, चाचींनी सगळं पाठवलं होतं. कणा, दोन्ही पंख खुंटीवरून उतरवून वेगवेगळे, चाकं, काचा. विमानाखालचं दार निम्म्यात कापून दोन तुकडे करून, सुताराकडून, तेही चाचींनीच. सगळ्याला कांद्याचा वास. गोधडीच्या शेवटच्या घडीत सुपारीच्या डबीत एक वस्तू होती.

पंखाचं टोक. सहा सूत लांब. सात थर कागद, त्यावर शिंप्याच्या दातेरी चाकाने उमटवलेली रिव्हेटांची रांग, करडा रंग, आणि टोकाशी लाल दिवा, काचेच्या मण्याचा. तुमचा हात थरथरत होता शेवटी, चाची म्हणाल्या, कप धरवत नव्हता. या टोकात कुठेही थरथर नाही.

मी ते पंखाला लावून बघितलं. बसलं. मास्तर मागे उभे होते, म्हणाले, चिकटव, रंगाचा एक हात मार, जन्मात कुणाला कळणार नाही. खरं होतं. दोन्ही पंख सारखे झाले होते. मी बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

मग दाराचे दोन तुकडे जोडायला म्हणून त्यावर मैदानासाठी लावलेली माती झाडली. ती माती माझ्या शेतातली, तांबडी. तुम्ही म्हणायचात लोहगावचा मुरूम असा नसतो, तरी वापरलीत. माती निघाली आणि खाली तुमची पेन्सिल दिसली. सगळ्यात आधीची, मी यायच्याही आधीची. चाकांच्या जागा. धावपट्टीची कड, नाक तिच्याकडे. चार इंजिनांसमोर चार गोल, पंखे फिरताना दाखवायचे होते म्हणून. आणि पंखांच्या दोन्ही टोकांना दोन खुणा, मधे तुमच्या अक्षरात: २२० सूत. शिडी कुठेच नाही. घोडी कुठेच नाही.

म्हणजे ते उड्डाणाला निघालेलंच होतं, काका. वाद मी जिंकलो. जिंकून आता कुणाला फोन करू?

दोन दिवस मला नुसतं वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी हातात ते टोक घेतलं, आणि मला कळलं. माझी चूक झाकायचीच असती तर तुम्ही हे टोक चिकटवून मोकळे झाला असतात. सहा सुतांचं तर काम. तुम्ही ते केलंत, पूर्ण केलंत, आणि पंखाला लावलं नाहीत. डबीत वेगळं ठेवलंत. खोटं मांडणार नाही म्हणणारा माणूस तुम्ही. तुम्ही पहिल्यांदा माझ्यासाठी बदललंत हे खरं. पण नंतर तुम्हाला ते खरोखर पटलं होतं. तुमचं सगळं आयुष्य जमिनीवरच्या विमानाखाली गेलं आणि तुम्ही मांडायला बसला होतात वैमानिकांचं उड्डाण. माझ्या आखूड पंखाने तुम्हाला तुमच्या जागी आणलं. हे मी स्वतःची किंमत वाढवून म्हणत नाही. पेन्सिल म्हणतेय.

तर मी टोक चिकटवलेलं नाही. ते घोडीवर आहे, तुम्ही म्हणाला होतात तिथे, दिवा बाहेरच्या अंगाला. पंखाला शिडी लावली. पंखाच्या खालची एक झडप उघडी ठेवली. फिटर करायला घेतला तेव्हा अडलो, तुमचा अठरा-एकोणिसाव्या वर्षीचा चेहरा माझ्यापाशी नाही, फोटो कुणाकडेच नाही. मग आठवलं, चेहरा लागतच नाही. झडपेतून खाकी विजारीचे दोन पाय बाहेर आलेत, काटकुळे, एक बूट शिडीच्या पायरीवर. तुम्ही आत आहात. गळती शोधताय. कुणी विचारलं तर मी सांगतो, हे आमचे काका, कामात आहेत.

आणि शिडी खाली एका बाईने धरली आहे. डोक्यावर पदर, हाताला पिठाचा पांढरा ठिपका. लोहगावात बाया नव्हत्या, मला माहीत आहे. वाद घालायचा तर या.

दिवाळीला रजा मिळाली की हे जुन्नरला नेणार, चाचींच्या ओट्याच्या आतल्या खोलीत ठेवणार. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "ठेव. पन धूळ तू पुसायची, वर्साला येऊन." म्हणजे येणं आलं.

पण ही परतफेड नव्हे, ते तुमचंच तुमच्या गल्लीत गेलं. चाचींची परतफेड वेगळी आहे, आणि ती तुमच्यापुढे कबूल करतो म्हणजे मला पळता येणार नाही. एकदा त्या म्हणाल्या होत्या, माझ्या माणसाने एवढे ताबूत बांधले, सगळे पाण्यात थंडे झाले, तसंच असतं ते, ठेवायची वस्तूच नव्हे. पण चाचांच्या हातची एक काडी घरात नाही. मी ताबूत करणार नाही. मी त्यांचं अंगण करणार आहे. ओटा, खळीचं पातेलं, भोवती पडलेल्या कामट्या, आणि मधे मांडी घालून बांबू तासत बसलेले चाचा, काम निम्म्यात आलेलं. कधी होईल सांगत नाही. माप मात्र ठरलंय, फुटाला दोन सूत. आणि आता सूत म्हणजे सूतच, काका, सहा एमएम नाही.